नळीमागचा सस्पेन्सरी

घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा संपतो तिथून त्याची हद्द सुरू होते. पुढे नळीचं जाड हाड, मागे खुराकडे जाणाऱ्या दोन लांब कंडरा आणि त्यांच्या मधल्या अरुंद जागेतून, हाडाला पाठ टेकून, तो खाली उतरतो. नळीच्या खालच्या भागात त्याचे दोन फाटे होतात. खुराच्या वर जो सांधा असतो, ज्याला रेसकोर्सवर सगळे फेटलॉक म्हणतात, त्याच्या मागे दोन छोटी हाडं बसलेली असतात. एकेक फाटा त्यातल्या एकेका हाडाला घट्ट धरतो. पूर्ण नाव सस्पेन्सरी लिगामेंट, पण तबेल्यात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ‘सस्पेन्सरी गेला’ एवढं ऐकलं तरी मालकाचा, ट्रेनरचा आणि मोतद्दाराचा चेहरा उतरतो.

त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: फेटलॉक जमिनीला टेकू द्यायचा नाही. घोडा नुसता उभा असला तरी तो ताणलेला असतो, त्याला सुट्टी नसते. भरधाव धावताना साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराचा भार एका क्षणी एकाच पायावर येतो, आणि तोही वजनाच्या जवळपास अडीचपट होऊन. फेटलॉक खचत खचत जमिनीला लागतोय की काय असं वाटावं इतका खाली जातो. त्या क्षणी सस्पेन्सरी आणि त्याच्या शेजारच्या कंडरा लांबतात, भार झेलतात आणि लगेच आखडून ती ताकद पावलाला परत देतात. गुडघ्याखाली घोड्याला काम करणारा स्नायू जवळजवळ नाहीच, म्हणून त्याचे पाय इतके सडपातळ आणि हलके असतात. त्या सडपातळपणाची किंमत मात्र याच मंडळींना मोजावी लागते.

त्याची पूर्वपीठिका पाहिली की त्याच्याविषयी माया वाटू लागते. आपला तळहात समोर धरा. तळहातातल्या लांब हाडांच्या मधोमध लहान लहान स्नायू असतात, बोटं फाकवायला आणि जवळ आणायला. घोड्याचा गुडघा म्हणजे आपलं मनगट, त्याची नळी म्हणजे आपल्या तळहातातलं मधल्या बोटाचं हाड, आणि त्याचा खूर म्हणजे त्या बोटाचं नख. घोडा मधल्या बोटाच्या नखावर पळतो. कोट्यवधी वर्षांत बाकीची बोटं झडली. शेजारच्या दोन बोटांची हाडं बारीक होऊन नळीच्या दोन्ही अंगांना चिकटून राहिली. फाकवायला बोटंच उरली नाहीत, तेव्हा मधल्या बोटाचा हा स्नायू बिनकामाचा ठरला. तो नाहीसा झाला नाही. त्याने आकुंचन पावणं सोडलं, तंतूंनी अंग भरून घेतलं आणि अख्ख्या घोड्याचा भार पेलण्याचं काम पत्करलं. जुन्या जन्माच्या खुणा अजून त्याच्या अंगात आहेत. त्याच्या पोटात स्नायूचे थोडे धागे आजही सापडतात, थरोब्रेड घोड्यापेक्षा बग्गीच्या शर्यतीतल्या स्टँडर्डब्रेडमध्ये जरा जास्तच. सोनोग्राफीत ते धागे काळपट दिसतात, आणि नवख्या डॉक्टरला तिथे इजा असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून जाणता डॉक्टर दुसरा, धड पायही तपासतो आणि मगच बोलतो.

स्वभावाने तो सोशिक आहे. स्नायू थकला की दुखतो, आखडतो, आधी कळवतो. हा कळवत नाही. अतिश्रमाने त्याच्या आत बारीक बारीक तंतू तुटत जातात, घोडा रोज काम करत राहतो, आणि एका सकाळी पाय सुजलेला दिसतो. लोक म्हणतात काल धावताना लचकला. खरं तर काल फक्त शेवटचे तंतू तुटले. त्यातून व्यायामाने हाड जाड होतं, स्नायू वाढतो, पण वयात आलेल्या घोड्याचे असले तंतू फारसे बदलत नाहीत. त्याच्या शेजारच्या वरच्या कंडरेवर २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्यातलं निम्मं कोलॅजन, म्हणजे तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन, बदलायला किती काळ लागेल, याचा हिशोब सुमारे २०० वर्षांवर गेला. घोडा जगतो पंचवीस-तीस वर्षं. म्हणजे शिंगरू असताना जे विणलं गेलं, त्यावरच त्याला जन्म काढायचा असतो.

त्याला ओळखणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो, मोतद्दार असतो. सकाळचं काम झालं, पाय धुऊन पुसले, की तो घोड्याच्या खांद्याशी वाकतो, पाय उचलतो आणि गुडघ्यात दुमडून आपल्या मांडीवर घेतो. भार सुटला की कंडरा सैल पडतात. त्या अंगठ्याने बाजूला सारून तो आत, नळीच्या मागच्या अंगाला, बोट घालतो आणि गुडघ्यापासून खाली दाबत येतो. नजर पायावर नसते, घोड्याच्या कानांवर असते. निरोगी सस्पेन्सरी बोटाखाली टणक आणि एकसारखा लागतो. दुखावलेला असेल तर एका ठिकाणी कडा बोथट वाटतात, जरा ऊब जाणवते, आणि तिथेच बोट दाबलं की कान मागे जातात, पाय हिसडून घेतला जातो. ‘पाय भरलाय’ एवढंच तो सांगतो. महागड्या यंत्राच्या आधी हे बोट असतं, आणि ज्या तबेल्यात या बोटाचं म्हणणं ऐकलं जातं तिथे घोडे जास्त वर्षं टिकतात, असं मी ठामपणे मानतो.

मग सोनोग्राफी. पायाचे केस भादरायचे, कातडी स्वच्छ करायची, जेल लावायचं आणि प्रोब वरून खाली आणायचा. पडद्यावर निरोगी तंतू उभ्या छेदात जवळजवळ, समांतर, चकचकीत रेघांनी दिसतात. तुटलेल्या जागी रेघा थांबतात आणि काळा डाग दिसतो. १९८०च्या दशकात हे यंत्र घोड्यांच्या पायांवर वापरात येईपर्यंत तो काळा डाग जिवंत घोड्यात कुणी पाहिलेलाच नव्हता. पाय थंड झाला, सूज उतरली, म्हणजे बरा झाला, असं समजून घोडा पुन्हा मैदानात जायचा आणि पुन्हा मोडून यायचा.

तो बरा कसा होतो, हे समजल्याशिवाय पुढच्या औषधोपचारांचा अर्थ लागत नाही. त्याला रक्तपुरवठा बेताचा, आत पेशीही थोड्या. इजा झाली की आधी रक्त आणि सूज, मग नव्या पेशींची धावपळ, आणि त्या घाईघाईने जे कोलॅजन घालतात ते वेगळ्या जातीचं असतं, टाइप-३ म्हणतात ते: पातळ, आडवंतिडवं, कमी ताकदीचं. पुढे कित्येक महिन्यांत त्याच्या जागी थोडं थोडं टाइप-१ येतं आणि तंतू ताणाच्या दिशेने वळतात. पण मूळची वीण परत येत नाही. साडी फाटली तर कुशल कारागीर धाग्याशी धागा जुळवून रफू करतो; सस्पेन्सरीला स्वतःहून रफू जमत नाही, तो ठिगळ लावतो. ठिगळ टिकतं, पण ते ताठ असतं, म्हणून ताण आला की त्याच्या कडेला नवं फाटतं. घोड्यांच्या पायांच्या दुखापतींत ‘पुन्हा तीच इजा’ हे दुखणं इतकं मोठं का, याचं उत्तर या ताठरपणात आहे.

पूर्वी यावर उपाय होता डागण्याचा. तापलेल्या सळईने पायाच्या कातडीवर रेघा नाहीतर ठिपके ओढायचे. साळोत्री, म्हणजे घोड्यांचे जुने वैद्य, ते करत आणि विलायतेतले पदवीधर पशुवैद्यही करत. समजूत अशी की आगीने रक्त खेचलं जातं आणि आतली जखम भरते. ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काळजीपूर्वक काम केलं आणि १९८३ साली ते प्रसिद्ध झालं. डागल्याने कंडरा बरी होण्यात काहीच भर पडत नव्हती. डागलेला घोडा महिनोन् महिने कामाला लावता येत नसे, आणि गुण यायचा तो त्या सक्तीच्या विश्रांतीचा. शतकानुशतकं मुक्या जनावरांनी आग सोसली, आणि श्रेय सळईने घेतलं. हे आठवलं की आजही जीव कळवळतो. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या सुईला हाच प्रश्न विचारला पाहिजे, की गुण तुझा की विश्रांतीचा?

सुई आली ती कॅलिफोर्नियातून. लॉस ऑलिव्होस गावच्या डग हर्थेल या पशुवैद्याने १९९०च्या दशकात घोड्याच्या छातीच्या हाडातून अस्थिमज्जा काढून ती तशीच्या तशी सस्पेन्सरीत टोचायला सुरुवात केली. २००१ साली त्याने १०० घोड्यांचा अनुभव अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संमेलनात मांडला. कल्पना धाडसी होती आणि साधीही: शरीरात जिथे नव्या पेशी जन्मतात तिथला माल जिथे पेशींचा दुष्काळ आहे तिथे नेऊन द्यायचा. अडचण प्रमाणाची होती. मज्जेत ज्यांना मूळपेशी म्हणावं अशा पेशी दहा हजारांत एक, कधी लाखात एक. बाकीचं सगळं रक्तच. म्हणून लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमध्ये रॉजर स्मिथ यांनी पुढचं पाऊल टाकलं. मज्जा काढायची, प्रयोगशाळेत काही आठवडे त्या मोजक्या पेशी वाढवायच्या, कोटीच्या घरात न्यायच्या, आणि त्याच घोड्याला परत द्यायच्या. २००३ साली एका पोलोच्या घोड्याच्या कंडरेत असा पहिला प्रयोग त्यांनी जगापुढे ठेवला.

तेव्हा सगळ्यांची समजूत होती की या पेशी जखमेत जाऊन बसतील, तंतूंच्या पेशी होतील आणि नवं अंग विणतील. पुढे खुणा लावलेल्या पेशी टोचून पाहिल्या, तर एका दिवसातच बहुतेक पेशी जागेवरून नाहीशा झालेल्या. तरीही बरं होण्यात फरक पडत होता. याचा उलगडा असा की या पेशी स्वतः विणत नाहीत, त्या रसायनं सोडतात: सूज आवरा, इथल्या पेशींनो जाग्या व्हा, रक्तवाहिन्या आणा. ज्या आर्नॉल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली या पेशींना त्यांचं प्रसिद्ध नाव दिलं, तेच पुढे आग्रहाने सांगू लागले की यांचं खरं काम असे निरोप पाठवण्याचं आहे. मला हे सस्पेन्सरीच्या बाजूने फार मोठं वाटतं. बाहेरून येऊन त्याचं काम करणारं कुणी नाही. विणायचं आहे त्यालाच, त्याच्या थोड्याशा पेशींनी. मदत येते ती विणकामाचा दर्जा सुधारावा म्हणून.

मूळपेशींची सोय सगळीकडे नसते आणि खर्चही मोठा. म्हणून सर्वाधिक वापरलं जातं ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट दाट केलेलं रक्तद्रव. हे पाहण्यासारखं असतं. घोड्याला हलकी गुंगी देतात. तो उभाच असतो, मान खाली, खालचा ओठ लोंबलेला. मानेच्या शिरेतून रक्त घेतात. पिशवी किंवा नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्या की लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव राहतो, आणि दोन्हींच्या सीमेवरच्या थरात प्लेटलेट दाटतात. तो भाग हळूच वेगळा काढतात. दरम्यान पायाला वरून भूल दिलेली असते, कातडी पुन्हा पुन्हा धुतलेली असते. एका हातात प्रोब, दुसऱ्या हातात सुई. पडद्यावर सुई पांढऱ्या तिरप्या रेघेने आत शिरताना दिसते, काळ्या डागाच्या मधोमध थांबते, आणि द्रव जाऊ लागला की डाग भरताना डोळ्यांनी दिसतो. इजा तंतूंच्या पोटात असेल तर औषध तिथे ठरतं. फाट्याच्या कडेला असेल तर बाहेर झिरपतं, आणि अशा वेळी डॉक्टरचा हात कितीही चांगला असला तरी जागा साथ देत नाही. वेळही साधावी लागते. पहिली सूज ओसरलेली असावी, ठिगळ घट्ट झालेलं नसावं. साधारण पहिल्या काही आठवड्यांत सुई गेली तर तिचा उपयोग. वर्षभर जुन्या, कडक झालेल्या जखमेत ती टोचून फारसं हाती लागत नाही.

पुरावा किती? २००८ साली सस्पेन्सरीच्या मधल्या भागाला इजा झालेल्या ९ स्टँडर्डब्रेड घोड्यांना पीआरपी आणि नंतर शिस्तीचा व्यायाम दिल्याचं प्रसिद्ध झालं. नऊच्या नऊ घोडे पुन्हा शर्यतीत पळाले. आनंदाची गोष्ट, पण घोडे नऊच, आणि व्यायामाची शिस्तही सोबत होतीच. मूळपेशींच्या बाजूने मोठा आकडा आहे तो शेजारच्या कंडरेचा. २०१२ साली ब्रिटनमधल्या ११३ शर्यतीच्या घोड्यांचा, बहुतेक अडथळ्यांच्या शर्यतीतल्या, दोन वर्षांहून अधिक पाठपुरावा प्रसिद्ध झाला. पुन्हा इजा होण्याचं प्रमाण २७.४ टक्के निघालं. इतर उपचारांनंतरच्या अशाच घोड्यांच्या नोंदींपेक्षा ते बरंच कमी होतं. मला यातला आकड्यापेक्षा मापदंड पटतो. घोडा परत पळाला का, हे विचारून उपयोग नाही. विश्रांती दिली तर बरेच घोडे एकदा परत पळतात. परत पळून दोन वर्षांनी तो पाय शाबूत आहे का, हेच विणीच्या दर्जाचं माप. जो विक्रेता ‘महिन्याभरात उभा करतो’ म्हणतो तो चुकीच्या गोष्टीची हमी देतोय, त्याच्यापासून दूर राहावं. युरोपात २०२२ साली कंडरा आणि सस्पेन्सरीच्या इजेसाठी मूळपेशींचं तयार औषध मंजूर झालं, रेन्यूटेंड नावाचं. दुसऱ्या, निरोगी घोड्याच्या रक्तातून पेशी घेतलेल्या, कंडरेच्या दिशेने तयार केलेल्या, गोठवून ठेवलेल्या. आठवडे वाट पाहायची गरज उरली नाही. पण वाट पाहणं वाचलं ते प्रयोगशाळेतलं, पायातलं नाही.

मागच्या पायातल्या भावंडाची गोष्ट वेगळी आहे आणि दुःखाची आहे. तिथे सस्पेन्सरीचं वरचं टोक हाडं आणि घट्ट पडदा यांच्यात कोंडलेलं असतं. सुजलं की फुगायला जागा नाही, आणि जवळून जाणारी नस चेपते. ड्रेसाज आणि उड्यांच्या घोड्यांना हे दुखणं जास्त. विश्रांतीने पुढचा पाय बहुधा बरा होतो. मागच्या पायाच्या ४२ घोड्यांची नोंद ब्रिटनच्या स्यू डायसन यांनी १९९४ साली दिली, त्यांत पूर्ण कामाला परतले १४ टक्के. इथे डॉक्टर बरेचदा शस्त्रक्रियेकडे वळतात: पडदा मोकळा करायचा आणि ती नस कापायची. दुखणं थांबतं, अंग दुरुस्त झालेलं नसतं. पेरूच्या पासो जातीच्या काही घोड्यांत तर सस्पेन्सरी कधी चारही पायांत हळूहळू झिजत जातो. त्याला पेशी टोचा की आणखी काही करा, आजवर थांबवता आलेलं नाही.

आपल्याकडे त्याचा खरा शत्रू आहे हंगाम. पावसाळ्यात पुण्याच्या शर्यती, हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीच्या, आणि फेब्रुवारीत चार वर्षांच्या घोड्यांची इंडियन डर्बी, २४०० मीटर. चार वर्षांचं वय एकदाच येतं. तीन वर्षांच्या चांगल्या घोड्याचा सस्पेन्सरी ऑगस्टमध्ये पुण्यात दुखावला, तर हिशोब सरळ आहे. पहिले काही आठवडे खोलीत बंद, रोज थोडी मिनिटं हातात धरून चालवणं. ती मिनिटं दर आठवड्याला थोडी वाढवायची. दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी, डाग भरत असेल तरच पुढे. तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत दुडकी. सहाच्या पुढे वेग, आणि पुरतं काम नऊ ते बारा महिन्यांनी. हे चालवणंही औषधच असतं, कारण नवे तंतू ताण मिळाला तरच योग्य दिशेला वळतात. पीआरपी दिलं, पेशी दिल्या, तरी या वेळापत्रकातून महिने कापता येत नाहीत. फेब्रुवारी हातची जाते.

मालकाने डॉक्टरला ‘डर्बी मिळेल का’ असं विचारलं की डॉक्टरवर काय ओझं येतं हे मी जाणतो. घोडा तोवर दुखणं विसरलेला असतो, दारातून बाहेर डोकं काढून खिंकाळतो, चालवताना उड्या मारतो, चौखूर उधळू पाहतो. दोर धरून चालणाऱ्या मोतद्दाराचे हात सोलवटून निघतात. बरा दिसणारा आणि बरा झालेला यांतलं अंतर घोड्याला कळत नाही. ते माणसांनी कळून घ्यायचं असतं. म्हणून माझी विनंती एवढीच असते की पैसे सुईवर खर्च करायचे असतील तर त्यांतले काही पुढच्या तपासण्यांसाठी बाजूला ठेवावेत. वेग वाढवण्याच्या प्रत्येक टप्प्याआधी सोनोग्राफी व्हावी, आणि दोन्ही पायांची व्हावी. महिनोन् महिने अधू पायाचा भार दुसऱ्या पायाच्या सस्पेन्सरीने वाहिलेला असतो, आणि पुढची इजा पुष्कळदा त्यालाच होते.